उचलेल त्याची गाडी

"बोर्डावर बगळा सगळ्यात वर यायला पाहिजे," मालकांचा जावई म्हणाला. आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नसे. "नाहीतर पुढच्या मोसमाला बोर्ड नाही काका. आणि चाचणीवालाही नाही."

पाडेकर बुटाची बकलं लावत होता. त्यानं मान वर केली नाही. दुसऱ्या बुटाचीही लावली, पाय आपटून बघितला आणि म्हणाला, "आजच्या दिवस तरी बोर्ड आहे ना? मग चला."

पाडेकर हे त्याचं आडनाव नव्हे. गाड्या पाडतो म्हणून पाडेकर. आता खरं आडनाव फक्त लाइटबिलावर उरलं होतं.

दुकान मातीवरच्या मोटरसायकलींचं. रस्त्यावर चालवायच्या नव्हेत, दगडधोंड्यांत, चिखलात, डोंगरावर घालायच्या. उंच, किडकिडीत, खडबडीत टायरांच्या. दुकानामागं बंद पडलेली दगडखाण होती आणि थोरल्या मालकांनी एक रीत घालून दिली होती. मोसम सुरू व्हायच्या आधी दुकानातल्या प्रत्येक कंपनीची एकेक गाडी खाणीत काढायची. एकच माणूस चालवणार, वाट एकच, टायरात हवा सारखी. निकाल खडूनं काळ्या बोर्डावर लिहायचा आणि बोर्ड दारात टांगायचा. मालकसुद्धा त्यातलं अक्षर बदलणार नाही.

आणि सगळ्यात शेवटी पाडायची. माणूस दमून पार गळाला की गाडी आडवी करायची आणि त्यानंच ती उभी करायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. कारण डोंगरात गाडी पडते तेव्हा हात लावायला कुणी नसतं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, पाडेकर त्याला तोंडावर सांगायचा, "उचलेल त्याची गाडी. तुमच्याच्यानं उठत नाही, म्हणजे ती तुमची नाही." बरेच जण रागावून जायचे. त्यातले बरेचसे मान खाली घालून परत यायचे.

आता थोरले मालक कानानं गेले, घरीच असतात. दुकान जावयाकडं आलं. जावई वाईट माणूस नव्हता. पोटात एक आणि ओठांवर एक असा तर मुळीच नव्हता. पोटातलं सगळं ओठांवर. त्यानं बगळ्याची एजन्सी घेतली होती, घर गहाण टाकून. दुकान तरलं तर तुम्ही तराल, मी तरेन, हा त्याचा हिशोब. त्यात खोट काढायला जागा नव्हती आणि त्याचाच पाडेकरला जास्त राग.

तर त्या दिवशी खाणीच्या काठावर तीन गाड्या उभ्या होत्या. कंपन्यांची नावं परदेशी, जीभ अडखळणारी. म्हणून टाकीवरच्या चित्रांवरून पोरांनी आपली नावं ठेवलेली. रेडा, विंचू, बगळा.

रेडा म्हणजे दणकट. इंजिन मोठं, खालच्या वेगातसुद्धा ओढ अशी, की झाडाला बांधला तर झाड घेऊन येईल. महाग. एका रेड्याच्या किमतीत दोन बगळे आले असते. पार्ट बिघडला तर तो समुद्रापलीकडून यायचा, आरामात, पाहुण्यासारखा. पण पाडेकरचा जीव रेड्यावर. त्याच्या स्वतःकडं जुना रेडा होता आणि त्यानं निम्म्या गावाच्या गळ्यात रेडेच बांधले होते.

विंचू हलका आणि चावरा. ॲक्सिलरेटर पिळला की आधी काहीच नाही आणि मग एकदम डंख. शर्यतीतल्या पोरांची गाडी. पिस्टन मात्र चपला झिजाव्यात तसे झिजायचे.

आणि बगळा. पांढरा, बारीक, नवा. सीट म्हणजे शाळेतला बाक. स्वस्त. काठावर जमलेली मंडळी त्याच्याकडं बघूनच हसत होती. त्यात पुढं फौजदार. हा पोलिसातला नव्हे, अंड्यांचा ठोक व्यापारी. पण बोलायला लागला की समोरचा आरोपी व्हायचा, म्हणून फौजदार. पाडेकरचा जुना दोस्त, त्याच्याच शब्दावर रेडा घेतलेला. जावयाची धमकी त्याच्या कानावर गेली होती. तो सगळ्यांना सांगत होता की बघाच, आज पाडेकर जावयाच्या तोंडावर बगळ्याची पिसं काढणार.

पाडेकरलाही तेच करायचं होतं. खोटं कशाला बोला. सकाळपासून तो मनात बगळ्याची पिसंच काढत होता.

आधी रेडा काढला. तो नेहमीसारखाच. खडी, चिखल, आडवं पडलेलं खोड, सगळं रेड्यानं गिळलं. मग विंचू. विंचवानं दोनदा फेकायचा प्रयत्न केला, पाडेकरनं दोन्ही वेळा त्याला आईबहिणीवरून समजावलं. मग बगळा.

खाणीच्या टोकाला एक चढ होता. सुट्या खडीचा, वर जाऊन एकदम उभा होणारा. त्याचं नाव सासू. तिच्यापुढं भल्याभल्यांची बोलती बंद. पाडेकरनं बगळा सासूवर घातला आणि वाट बघायला लागला, की आता दम तोडेल. मग तोडेल. इथं तरी तोडेल.

बगळा वर गेला. कुरकुर नाही, मागचं चाक भरकटलं नाही. गपगुमान, पोस्टमन जिना चढतो तसा.

पाडेकर खाली आला आणि परत वळला. या वेळी मुद्दाम वाईट बाजूनं घातला, जिथं मोठे दगड होते. पुन्हा वर. आता त्याला गाडीचा राग यायला लागला. अरे, जरा तरी चूक. तुझ्या बापाचं काय जातंय? तो तिसऱ्यांदा चुकीच्या गिअरमध्ये घेऊन गेला. बगळ्याला अर्ध्यावर ठसका लागला. सावरला. पुन्हा वर.

मग पलीकडचा लांब उतार. निम्म्यावर आल्यावर पाडेकरच्या उजव्या पायाखालचा ब्रेक मऊ पडला. उशीवर पाय द्यावा तसा खाली गेला. पुढच्या ब्रेकवर कशीबशी गाडी सावरली, तळाशी थांबवली. हात जवळ नेऊन बघितला तर मागच्या ब्रेकची तबकडी तापून लाल व्हायची बाकी. त्याला आत कुठंतरी बरं वाटलं. सापडला एकदाचा. आणि मग त्या बरं वाटण्याचाच वीट आला.

आता पाडायची पाळी.

विंचू एका झटक्यात उठला. बगळा तर झोपलेलं पोर कडेवर घ्यावं तसा वर आला. काठावरचं हसणं जरा बारीक झालं.

रेडा आडवा केला. पाडेकरनं पाठ सीटला लावली, एक हात हँडलला, एक सीटखालच्या नळीला. जोर पायांचा, हे तो हजारांना शिकवून बसला होता. रेटा दिला. रेडा हलला, थोडा वर आला आणि उजव्या खांद्यात चमक निघाली. मागच्या मोसमात हाड मोडलं होतं तिथंच. डॉक्टर म्हणाले होते जुळलं. जुळलं होतंच. पण जुळलेल्या भांड्यात पाणी राहतं, वजन राहत नाही.

रेडा परत खाली.

पुन्हा रेटा दिला. पुन्हा खाली. तिसऱ्या वेळी तर गाडी जागची हललीच नाही, पाडेकरच घसरून तिच्याशेजारी मातीत बसला. काठावरून कुणी पुढं आलं. फौजदारच होता.

"हात लावू नको," पाडेकर म्हणाला.

"अरे पण..."

"नियम आहे."

फौजदार थांबला. सगळेच थांबले. खाणीत फक्त गरम इंजिनं टिकटिक करत होती. पाडेकर उठला, पँटची माती झटकली आणि रेडा तसाच आडवा सोडून बोर्डाकडं चालायला लागला. त्यानं जन्मात कधी गाडी आडवी सोडली नव्हती.

खडू घेतला. अक्षर त्याचं कोंबडीचे पाय. पण लांबून वाचता यायचं.

बगळा: पैसे वसूल. पहिली गाडी म्हणून घ्या, शेवटची म्हणूनही घ्या.

विंचू: शर्यतवाल्यांना. बाकीच्यांनी लांबून बघा.

रेडा: ज्याच्यानं उठतो त्याला.

जावयानं मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं होतं. त्याचा चेहरा उजळला. आणि मागून फौजदाराचा आवाज आला, हळू, म्हणून जास्त लागणारा.

"खांद्याचं नाटक छान जमलं रे."

पाडेकर खडू हातात धरूनच वळला.

"तुझ्या शब्दावर रेडा घेतला मी," फौजदार म्हणाला. "घरी भांडून घेतला. आणि आज जावयानं डोळे वटारले तर तू त्याच रेड्याला लोळवतोस? काय कबूल केलंय त्यानं तुला? सरळ सांगायचं होतंस, की भीती वाटते. आम्ही समजून घेतलं असतं."

"तेव्हा उठत होता माझ्याच्यानं," पाडेकर म्हणाला. "आज नाही उठला. तुझ्याच्यानं उठत असेल तर तुझाच आहे. तेच लिहिलंय. वाच."

"वाचलं. वरची ओळ वाचली."

खरं तेच लिहिलं होतं आणि नेमकं तेच जावयाला हवं होतं. आता हे कुणाला कसं पटवायचं? पटवायचंच असतं तर सोपा रस्ता होता, बगळ्याला शिव्या घालायच्या. मंडळींनी खांद्यावर घेतलं असतं. तेवढ्यासाठी मात्र तीन वेळा सासू चढलेल्या गाडीला चढली नाही म्हणावं लागलं असतं. ते त्याच्या जिभेवर येईना.

तो परत बोर्डाकडं वळला आणि खाली अजून लिहिलं. बगळ्याचा मागचा ब्रेक लांब उतारावर मऊ पडतो. कंपनी बदलून देत नाही तोवर डोंगरउतारावर नेऊ नका.

जावयाचा मोबाइल खाली आला.

"काका, हे कशाला?"

"पडला म्हणून."

जावयानं त्याला बाजूला घेतलं. समजावून सांगितलं, अगदी चांगल्या शब्दांत. की कंपनीला कळवू, पुढच्या मालात दुरुस्ती होऊन येईल, लांब उतारावर जातंय कोण, लोक मिरवायला घेतात गाड्या. एवढी एक ओळ गेली की पाडेकरची नोकरीही कायम, वर पगारातही बघू. बोलता बोलता त्यानं काच पुसायचं ओलं फडकं उचललं होतं. पाडेकर बोर्डापुढं जाऊन उभा राहिला.

"पुसा," तो म्हणाला. "पण सगळंच पुसा. वरची ओळपण माझीच आहे."

जावई तसाच उभा. फडक्यातून पाणी त्याच्या चकचकीत बुटांवर ठिबकत होतं. वरची ओळ त्याला सोन्यासारखी हवी होती आणि काठावरची सगळी मंडळी बघत होती.

"उद्यापासून येऊ नका," शेवटी तो म्हणाला. आवाज तेव्हाही चढवला नाही. "बोर्ड दुकानाचा आहे. त्याचं काय करायचं ते मी बघतो."

"बोर्ड दुकानाचा नाही," पाडेकर म्हणाला.

आणि खरंच नव्हता. पहिल्या वर्षी बोर्ड नव्हता म्हणून थोरल्या मालकांनी हळहळ केली होती आणि पाडेकरनं उत्साहाच्या भरात घरच्या कपाटाचं दार काढून आणलं होतं. काळा रंग मारला, झाला बोर्ड. मागच्या बाजूला बिजागऱ्या अजून होत्या. तो बिनदाराच्या कपाटाचा संसार बायकोनं आजवर पडदा लावून चालवला होता. वर्षातून एकदा ती दाराची आठवण काढायची. म्हणजे वर्षातून एकदा मोठ्यानं.

पाडेकरनं बोर्ड खिळ्यावरून उतरवला. बाहेर त्याचा स्वतःचा जुना रेडा भिंतीला टेकून उभा होता. हल्ली तो तसाच लावायचा, भिंतीला. का, ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. बोर्ड दोरीनं पाठीला बांधला, अक्षरं बाहेरच्या बाजूला. फौजदार बघत होता. पाडेकरनं किक मारली आणि बाजाराच्या रस्त्यानं निघाला. जवळचा रस्ता सोडून, मुद्दाम बाजाराच्या. पाठीवर कपाटाचं दार घेऊन चाललेला माणूस लोक वळून बघतात. बघितलं की वाचतात. वाचू देत की.

घरी बायको पायरीवर बसून शेंगा सोलत होती. तिनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग दाराकडं.

"आलं एकदाचं माझं दार."

"तुझं नाही," तो म्हणाला. "थोडं थांब अजून."

हातोडी आणली आणि बोर्ड फाटकावर ठोकला, रस्त्याकडं तोंड करून. ठोकताना उजवा हात वर जाईना, तर डाव्यानं ठोकला. दोन खिळे वाकले. बायकोनं चारही ओळी वाचल्या. नोकरीचं विचारलं नाही. तिसऱ्या ओळीवर ती जरा थांबली, मग त्याच्या खांद्याकडं बघितलं आणि आत चहा टाकायला गेली.

ती कप घेऊन बाहेर आली तेव्हा पाडेकर अंगणात रेड्यापाशी उभा होता. भिंतीपासून लांब, मधोमध. रेडा हळूच तिरपा केला, अजून तिरपा, आणि मातीवर निजवला. अगदी अलगद. मग पाठ त्याच्या सीटला लावली, हात जागच्या जागी नेले आणि रेटा दिला.

रेडा थोडा वर आला. तेवढाच. खाली गेला.

फाटकाबाहेर एका गाडीचा वेग कमी झाला. आवाज रेड्याचा होता. क्षणभर तिथंच घरघरला, जेवढा वेळ चार ओळी वाचायला लागतो तेवढा. मग पुढं गेला.

"अहो," बायको म्हणाली, "मी लावू का हात?"

"नको."

"बरं."

त्यानं तळवे पँटला पुसले. टाचा मातीत नीट रोवल्या आणि पुन्हा वाकला.

बायकोनं कपावर बशी झाकली आणि पायरीवर बसली.