खोल पोटाचा रॅक

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी रॅक आहे. कानडी मुलखातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत, एका चटणीपुडीच्या कारखान्यात, गोदामाच्या भिंतीला पाठ लावून मी एकोणीस वर्षे काढली. माझे पोट चार फूट खोल. "गोदाम भरलं तरी हा कुठंतरी जागा काढतोच," असे स्टोअरकीपर विद्याधरअण्णा म्हणत, तेव्हा मी फुलून जात असे.

यंदा गोदामात पाऊल ठेवायला जागा उरली नाही. मालकांनी पुण्याहून आलेल्या सिद्धी नावाच्या इंजिनिअरला बोलावले. ती मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. गोड बोलणाऱ्या माणसाच्या हातात टेप दिसली, की भंगारवाला दाराशी आला असे समजावे. बाकीचे रॅक तिने एकदा मोजले, मला मात्र तीनदा. मग छताकडे बघून वहीत काहीतरी लिहिले.

चौथ्या दिवशी तिने माझ्या तळाच्या फळीवरची सगळी पोती बाहेर काढायला लावली. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते खोटे नाही. अगदी मागे काय आहे ते मला ठाऊक होते. नवे पोते पुढे ठेवायचे आणि पुढचेच उचलायचे, अशी इथली रीत. त्यामुळे गेल्या वर्षीचे शेंगदाणे मागेच राहिले होते, बुरशीने काळे पडलेले.

अण्णांचा चेहरा उतरला. "चूक माझी आहे, मॅडम."

"काका, तिथं हात पोचतच नाही. प्रॉब्लेम या रॅकच्या डेप्थचा आहे."

संशय मी तिच्यावर घेत होतो आणि दोषी मीच निघालो. ते दाणे कुणाच्या चटणीत गेले असते तर? मला फार लाज वाटली.

"मग याला काढून टाकायचं?" अण्णांनी हळूच विचारले.

"नाही. मधोमध कापू आणि अर्धा भाग वर चढवू. छतापर्यंत जागा रिकामीच आहे."

"सरी," अण्णा कानडीत 'बरं' म्हणाले. "पण स्वल्प जपून कापायला सांगा. जुना आहे तो."

कापताना दुखले. आता मी दोन फूट खोल आणि दुप्पट उंच आहे, भिंतीपासून सुटा. नवा माल मागून चढतो, जुना पुढून उतरतो. कुजका माल गेला तिथे जमिनीवरची पोती आली आणि त्यांच्या मोकळ्या झालेल्या जागेत आणखी एक रॅक मावला. तरी सिद्धी टेप काढते तेव्हा मी अजून सावध होतो.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, गंज काढा. पण जुने बाहेर काढल्याशिवाय नवे आत कोंबू नका. आम्हाला "आता पुरे" म्हणता येत नाही. ते तुम्हीच म्हणायचे असते.