चेंबरवरची खुर्ची

नात इराचा साखरपुडा संध्याकाळी घरीच होता. कौशल्याबाई रांगोळीचा डबा घेऊन फाटकाशी आल्या आणि थबकल्या. गटाराच्या चेंबरच्या झाकणाखालून काळं पाणी वर येत होतं.

मांजलपूरच्या त्यांच्या सोसायटीत नेहमीचे गुजराती सफाई कामगार रमणभाई रस्ता झाडत होते. बाईंनी हाक मारली, "रमणभाई, चेंबर तुंबलंय. जरा उतरता का?"

"नहीं बने, बा, जमायचं नाही. युनियनने ठरवलंय, नियमात आहे तेवढंच काम करायचं. चेंबरमध्ये माणसानं उतरायचं नाही, हा नियमच आहे. गाळ उपसायचं मशीन मागवा."

"मशीन उद्या येणार म्हणे!" ओट्यावरून बाईंचे यजमान दत्ताजीराव ओरडले. "ठेकेदाराशी भांडण तुमचं, अन् घाण आमच्या दारात? संप करायचा तर सरळ करा की!"

"संप कुठं, साहेब? कामावर तर आलोय." रमणभाई हसले. "नव्या करारात मशीन लिहून दे म्हणतो, तर ठेकेदार ऐकत नाही. इतकी वर्षं नियम मोडून उतरत होतो, तेव्हा कोणी ओरडलं नाही."

कौशल्याबाईंनी आवाज मऊ केला. "तुम्ही काय परके आहात? तुमचे वडीलही आमच्याकडेच यायचे. घरचेच तुम्ही."

"घरचाच ने, बा? म्हणून माझा कप बाहेर राहतो."

वीजमीटरच्या पेटीवर कान तुटलेला कप पालथा होता. बाई घराकडे वळल्या. आत जाऊन त्यांनी शेजारच्या नयनाबेनकडून नंबर घेतला आणि जवळच्या पादरा गावच्या, गटारात उतरणाऱ्या एका माणसाला स्वतःच फोन लावला. "लवकर या. पाहुणे यायचेत."

दुपारी तो आला. तोंडाला दारूचा वास होता. त्याने सदरा काढला, ओलं फडकं नाकाला बांधलं. दत्ताजीरावांनी पहारीने झाकण सरकवलं. आतून वाफेसारखा वास आला. तो कौशल्याबाईंच्या ओळखीचा होता.

मुलाचं, कुणालचं लग्न त्या अजून रंगवून सांगत. गुलाबी फेटे, बँडची धून, श्रीखंडाची पातेली. त्या गोष्टीत रमणभाईंचे वडील जीवणभाई कधी आलेच नव्हते. लग्नाच्याच सकाळी त्यांना याच चेंबरमधून ओढून काढलं होतं. ओठ निळे पडले होते. कडुनिंबाखाली निजवून लांबूनच तोंडावर पाणी मारलं होतं. तेवढ्यात बँड वाजू लागला आणि बाई वऱ्हाडाला पेढे वाटायला निघून गेल्या. पुढे ते खोकून खोकून गेल्याचं कळलं. त्यांच्या दारात बाई गेल्या नाहीत.

माणसाने एक पाय आत टाकला.

"थांबा!" बाई ओरडल्या. "वर या आधी! अहो, झाकण लावा ते."

"अगं, वेड लागलंय का? व्याही येतील!"

कौशल्याबाईंनी पाहुण्यांसाठी मांडलेली एक खुर्ची ओढत आणली. झाकण बसताच ती त्यावर ठेवली आणि बसल्या.

"येऊ देत. म्हणावं, मशीन येईपर्यंत नाक दाबून बसा."

पादऱ्याचा माणूस सदरा हातात घेऊन उभा होता. "मग माझा रोज, बा?"

"मिळेल. मीच बोलावलं होतं तुम्हाला."

समोर रमणभाईंचा झाडू थांबला होता. ते बघत होते. त्यांच्या वडिलांचं नाव बाईंच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. साखरपुड्यासाठी नेसलेल्या साडीचे काठ काळ्या पाण्यात भिजत होते. ते वर उचलायला त्यांचा हात गेला नाही.