ताई वाकल्या

"हार दे, मी नेतो. तू नको येऊस," चपला सरकवत आनंद म्हणाला.

"येते. पण मागे बसेन," मंदाकिनी म्हणाली. "आणि देवाला हात जोड म्हणू नकोस."

त्यांची लेक श्रिया गेल्यानंतरचं हे पहिलंच कीर्तन. कोलशेतच्या कारखान्यातून सुटला की आनंद टेंभी नाक्याजवळच्या त्या विठ्ठलमंदिरात पेटी वाजवायचा. हार मंदाकिनी ओवायची. पूर्वरंग संपला की तो कीर्तनकार कलावतीताईंच्या गळ्यात घालायची श्रिया. तिचे हात पोचायचे नाहीत.

"आजी, अजून खाली! अजून!"

सत्तरीच्या ताई गुडघे टेकायच्या. "मला नमवणारी ही एवढीच गं!" मग बुक्का लावताना थोडा त्यांच्या नाकावर सांडायचाच. सगळं देऊळ हसायचं.

तापाचं निमित्त झालं आणि पोर गेली. मंदाकिनी घरी दिवा लावत राहिली. हात मात्र जोडले नाहीत.

आज पूर्वरंग संपला. भजन सुरू झालं. हार घेऊन देवळातले रतनकाका पुढे झाले, चांगले ताडमाड. आणि ताई, डोळे मिटून, सवयीने गुडघ्यांवर बसल्या.

आनंदची बोटं पेटीवर थांबली. भजनही विरलं. ताईंनी डोळे उघडले, समोर काकांची पँट दिसली, तशा त्या ओशाळल्या.

"चुकले रे... अंगवळणी पडलंय."

मागून मंदाकिनी उठली. बायकांनी पाय आवरून वाट दिली. तिने काकांच्या हातून हार घेतला आणि ताईंसमोर गुडघे टेकले.

"असू दे ताई. मला वाटायचं, आता तिच्यासाठी कुणी वाकणार नाही."

"अगं, विठोबापाशी आहे ती. त्यालाही विटेवरून खाली उतरवलं असेल. अजून खाली, म्हणत!"

मंदाकिनीला खुदकन हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. हार घालून तिने मूर्तीकडे पाहिलं. हात आपसूक जुळले.

"दिलीस रे आम्हाला," ती एवढंच म्हणाली. "आमच्या घरी दिलीस."

मग तिने ताईंना बुक्का लावला. थोडा ताईंच्या नाकावर सांडला.

आनंदने भाता ओढला. उत्तररंग चांगला तासभर रंगला. ताईंनी नाक पुसलं नाही.