आधी बिअर, मग नदी

मी एक जुना रेडिओ आहे. गाडीतला. मागे उघडा हौदा असलेल्या एका धुळकट गाडीच्या डॅशबोर्डमध्ये माझं सगळं आयुष्य गेलं. तिथे बसून मी माणसांबद्दल एवढंच शिकलो, की त्यांना कान फक्त टोपी खाली घसरू नये म्हणून दिलेले आहेत.

मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या तपासनीस बाईने माझं बटण फिरवलं, थोडं गाणं ऐकलं आणि मान डोलवली. एवढं कौतुक पुन्हा माझ्या वाट्याला आलं नाही. पुढे मी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या आतल्या भागात, मर्व आणि डल्सी या नवरा-बायकोच्या फार्मवर आलो. त्यांच्या मेंढ्या होत्या. मी त्यांना लोकरीचे भाव सांगितले, क्रिकेट ऐकवलं आणि रोज दुपारी नद्यांची पातळी सांगितली.

ही पातळी महत्त्वाची. आमची नदी बहुतेक वेळा नुसती वाळू असते. पाऊस पडतो दूर उत्तरेला, आणि पूर आमच्याकडे येतो तो लख्ख उन्हात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना. त्यामुळे पातळी सांगायला लागलो की चमचा तोंडाशी धरलेला माणूसही थांबायचा. माझे ते दिवस मानाचे होते.

मग त्या उन्हाळ्यात उत्तरेच्या वादळाने आमच्याकडचे खांब पाडले. वीज गेली, फोन गेला. मोबाइलला रेंज असणं ही आमच्याकडे तशीही अफवाच. जनरेटर होता, पण तो डल्सीच्या भावाने, नेव्हिलने, दुरुस्त केला होता, म्हणजे तो बंद होता. नेव्हिल पूर्वी ट्रक चालवायचा. त्यामुळे चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूतलं आपल्याला सगळं कळतं, असा त्याचा ठाम समज होता.

घरातला फ्रिज बंद पडल्यावर मर्व आणि नेव्हिल या दोन शूरवीरांनी काय वाचवावं? दूध नासलं, मांस कुत्र्यांना घातलं. बिअर मात्र वाचली! नेव्हिलने आपला गाडीत चालणारा छोटा फ्रिज आणला, आमच्या हौद्यात ठेवला आणि त्याची वायर सीटखालून, डॅशबोर्डमागून, थेट माझ्या अँटेनाच्या वायरीला खेटून ओढून पुढच्या सॉकेटमध्ये खोचली.

त्याच दुपारी माझा घसा बसला. नदीचं नाव घेतलं की तोंडातून नुसती खरखर. आता जगाची खबर देणारा मी एकटाच उरलो होतो, आणि डल्सीच्या सगळ्या मेंढ्या नदीकाठच्या कुरणात होत्या. त्यांतल्या कितीतरी तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेल्या.

मर्वने आधी माझ्या तोंडावर बुक्की मारली. यांचा पहिला उपाय नेहमी हाच असतो.

"अँटेना गेलाय," नेव्हिल म्हणाला. "बुडाशी गंज बघ."

"सकाळपर्यंत तर ठणठणीत होता."

"गंज काय तुला विचारून चढतो?"

त्यांनी गंज खरवडला, स्क्रू आवळला. खरखर तशीच. मग अँटेना उपटून त्या जागी कपड्यांचा तारेचा हँगर सरळ करून खुपसला.

"अरे, माझ्या लग्नाच्या ड्रेसचा हँगर आहे तो!" डल्सी ओरडली.

"मग काय? लग्न उरकलंय की," मर्व म्हणाला.

आणि नेमका त्याच वेळी फ्रिज पुरेसा गार होऊन थांबला. माझा आवाज लगेच स्वच्छ झाला. नेव्हिलने छाती फुगवली. "हँगर! सांगितलं होतं ना?" या विजयाबद्दल दोघांनी बिअर काढायला फ्रिजचं झाकण उघडलं. गरम हवा आत गेली, फ्रिज घरघरू लागला आणि मी पुन्हा खरखरू लागलो.

"ढग आडवा आला असेल," नेव्हिल म्हणाला. आभाळ कोरं करकरीत होतं.

अंधार पडेपर्यंत हेच चाललं. मी बिघडलो की हे दुःखाने बिअर काढत, आणि बिअर काढली की मी बिघडे. मला यांची कीव आली असती, पण कीव करायलाही समोर थोडी अक्कल लागते.

दुसऱ्या दुपारी पातळीची वेळ झाली. मी जीव तोडून सांगत होतो आणि माझ्या तोंडून नुसती तळणीसारखी चरचर बाहेर पडत होती. डल्सी हौद्यात चढली आणि तिने फ्रिजवर हात ठेवला.

"हा घरघरतो तेव्हाच तो खरखरतो," ती म्हणाली. "पिन काढा याची."

"रेडिओ पुढे, फ्रिज मागे," नेव्हिल हसला. "मध्ये काय भूत पळतं?"

"तू ओढलेली वायर पळते."

"अगं, पण एवढ्या उन्हात?" मर्व कळवळून म्हणाला. "बिअर गरम होईल!"

ती उतरली, दार उघडून आत वाकली आणि तिने पिन खेचून काढली. त्यांच्या वादात बातमीचं शेपूटच उरलं होतं. तेवढं मी खणखणीत सांगितलं: "...कालपासून वरच्या भागातल्या पुलावरून पाणी वाहत आहे. खालच्या भागातल्या लोकांनी जनावरं ताबडतोब उंचावर न्यावीत."

कालपासून! कालही मी हेच सांगत होतो.

गाडी कुरणाकडे सुटली. कोरड्या पात्रात तांबूस पाणी चोरपावलांनी शिरलं होतं. त्यांनी कुत्रे सोडले, आरडाओरड केली, मेंढ्या लाल टेकाडावर चढवल्या. बहुतेक वाचल्या. पण लांबच्या वळणावर टॉफी नावाची म्हातारी मेंढी दोन कोकरांना सोडून हलेना. डल्सी कमरेपर्यंत पाण्यात गेली आणि हाका मारत राहिली. मर्वने तिला ओढून मागे आणलं. टॉफीचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग नुसतं पाणी ऐकू आलं. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

वीज आली, नदी पुन्हा वाळू झाली. गावातल्या बारमध्ये नेव्हिल अजून सांगतो, की ऐन पुरात रेडिओने दगा दिला, तो हँगर होता म्हणून निभावलं. फ्रिजही अजून हौद्यातच आहे.

मित्रांनो, तुमच्या गाडीतला रेडिओ अचानक खरखरू लागला तर त्याला बुक्क्या मारू नका. काल काय नवं जोडलं ते आठवा आणि एकेक वस्तू बंद करून बघा. सुरुवात सगळ्यात लाडक्या वस्तूपासून करा.

हल्ली दुपारी डल्सी एकटीच गाडीत येऊन बसते. आधी पिन काढते, मग मला लावते. मी पातळी सांगतो. नदीत पाणी नसतं, तरी ती शेवटपर्यंत ऐकते.

"डल्सी, बिअर गरम होतेय!" मर्व बाहेरून ओरडतो.

"होऊ दे," ती म्हणते आणि माझा आवाज वाढवते.