गाडीतला माशाचा वास

आमची जुनी गाडी एकाएकी दारुड्यासारखी पेट्रोल प्यायला लागली आणि संशय आला माझ्यावर.

पोरीच्या पहिल्या वाढदिवसाला घरात पाहुणे जमलेले असताना मी सोक्च्यो बंदराच्या धक्क्यावर गळ टाकून बसलो होतो. तेव्हापासून माझी मासेमारी बंद. पुन्हा गेलास तर गाडी विकेन, असं बायकोनं, म्हणजे उन-सुकनं, बजावलं होतं. गाडी गेली की घाटापलीकडच्या नोकरीसाठी पहाटेची बस. या वयात ते माझ्याच्यानं झालं नसतं.

मी टायरमध्ये हवा भरली, डिकी रिकामी केली, गाडी बैलगाडीच्या वेगानं हाकून पाहिली. फरक शून्य. त्यात गाडीत माशाचा वास यायला लागला. मग काय, आगीत तेलच.

"पेट्रोल संपतंय, मासा घमघमतोय, आणि म्हणे मी कामावर जातो," उन-सुक म्हणाली. मी पोरीची शपथ घेतली. ती गाडीला गिऱ्हाईक शोधायला लागली.

सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यांनी अवाक्षर काढलं नाही, पण रोज माझ्या भातावर भाजलेल्या बांगड्याचा मोठा तुकडा ठेवायच्या. घरात एक तरी माणूस आपल्या बाजूचं आहे, या विचारानं मला भरून यायचं.

गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी गाडी तपासून घ्यायला आम्ही बान मिस्त्रीकडे निघालो. सासूबाई हट्टानं बरोबर आल्या. बाननं बॉनेट वर केलं, एअर फिल्टरचा डबा उघडला आणि आतून पांढऱ्या दोऱ्यानं गुंडाळलेला एक अख्खा सुका मासा बाहेर काढला.

"हिचा श्वास कोंडलाय," तो म्हणाला. "हवा मिळेना, म्हणून पेट्रोल ढोसतेय."

अपघात टळावा म्हणून आमच्याकडे गाडीत असा मासा ठेवतात, पण डिकीत. उन-सुक चर्चला जाणारी, तिला हे प्रकार खपत नाहीत. आम्ही दोघांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या भिंतीवरचे टायर न्याहाळत होत्या.

"डिकीतला तू फेकला असतास," त्या लेकीला म्हणाल्या. "इथे आत कागदाची छान गादी होती."

माझं डोकं फिरलं. इकडे माझी अब्रू गेली आणि ही बाई मला बांगडा वाढत होती.

"आई, माझी गाडी विकली जात होती. तुम्ही गप्प कशा बसलात?"

"तुमचे सासरे याच घाटातून यायचे, जावईबापू. एकदा बर्फ पडला आणि ते आलेच नाहीत." त्यांनी मासा हातात घेऊन त्यावरची धूळ कोटाच्या बाहीनं पुसली. "पेट्रोल जास्त गेलं, कबूल. पण तुम्ही रोज घरी आलात."

मला राग धरवेना. बान उगाचच पाना शोधायला आत गेला.

उन-सुकनं आईच्या हातातून मासा घेतला, आपल्या मफलरमध्ये गुंडाळला, डिकीत स्पेअर टायरशेजारी ठेवला आणि झाकण लावलं. हीच वेळ बरी म्हणून मी हळूच गळाचा विषय काढला.

"गाडीत मासा एवढा एकच," ती म्हणाली. "आणि घाटात सावकाश चालव."