लंगडी शेळी समुद्रापार जाते

मित्रांनो, मला पाहून पुष्कळांना दुधाची बरणी आठवते. त्यात त्यांची काही चूक नाही. मी पत्र्याची फिडल आहे, व्हायोलिनच म्हणा, शंभरीला टेकलेली, आणि माझा जन्म डोनेगॉलच्या डोंगरांतला.

मला घडवले कॉन्डीने. गावोगाव हिंडून तो बादल्या, कंदील आणि बरण्या बनवून देई. आमच्या दमट हवेत लाकडी फिडलचे सांधे सुटत. म्हणून कॉन्डीने पत्रा कापला, कडा कथलाने झाळून जोडल्या, लाकडी मान बसवली आणि चार तारा ताणल्या. "दिसायला डबा आहे, पण गळा बघ हिचा!" असे म्हणत त्याने मला नाब्लाच्या हाती दिले. माझा आवाज लाकडी बहिणींइतका भारदस्त नाही. पण तो धारदार आहे. नाचणाऱ्यांचे बूट कितीही आपटू देत, मी ऐकू येतेच.

नाब्ला एकटी राहत असे आणि लोकरीचे मोजे विणून पोट भरत असे. तिचे वडील खोऱ्यातले नावाजलेले वादक होते. त्यांनी तिच्यासाठी घराण्यात चालत आलेली एक जुनी धून मागे ठेवली होती, 'लंगडी शेळी'. तिचे तीन भाग होते, आणि तिसरा असा अवघड की बोटांची परीक्षाच. पूर्वी कुणीतरी त्यांची दुसरी एक धून उचलून जत्रेत स्वतःची म्हणून मिरवली होती. तो डंख त्यांना विसरता आला नाही. "ही घराबाहेर जाऊ द्यायची नाही," असे त्यांनी मुलीकडून वदवून घेतले होते.

नाब्ला लग्नात वाजवी, चव्हाट्यावरच्या नाचात वाजवी. 'लंगडी शेळी' मात्र दार लावूनच. शेजारचा ओनी स्वतः फिडल वाजवायचा. ती धून मिळावी म्हणून त्याने वीस वर्षे आमच्या खिडकीखाली पाइप ओढला.

"काय गं नाब्ला, शेळी आजपण दावणीलाच का?" तो बाहेरून विचारी.

"तुझा वास आला की ती दूध चोरते," असे म्हणून नाब्ला मला खुंटीवर अडकवी.

मलाही तेव्हा हसू येई. पण पुढे तिची बोटे सुजू लागली. तिसऱ्या भागात सूर निसटू लागले. एकदा ती मधेच थांबली आणि तिने मला परत खुंटीवर अडकवले. तिचा एकुलता भाऊ समुद्राने नेला होता. तिच्यामागे ती धून वाजवणारे कुणी नव्हते. हे तिला कळत होते आणि मलाही. पण वडिलांना दिलेला शब्द ती मोडणार कशी?

महायुद्ध चालू होते. सीमेपलीकडे डेरीच्या बंदरात अमेरिकन खलाशी उतरले होते. आमचा देश युद्धात नव्हता, म्हणून सुट्टी मिळाली की ते गणवेश उतरवून साध्या कपड्यांत आमच्याकडे येत. एका रविवारी चर्चमधून परतताना ओनीला वाटेत असाच एक खलाशी भेटला. त्याचे नाव व्हर्जिल टॅकेट. घर केंटकीच्या डोंगरांत, उंची ताडमाड. तो फिडल वाजवतो असे कळताच ओनीने त्याला थेट आमच्या दारी आणले. व्हर्जिलने चहाची पुडी पुढे केली. त्या दिवसांत चहा रेशनवर होता, तेव्हा नाब्लाने त्याला बसायला लगेच खुर्ची दिली.

"वाजव की रे पोरा काहीतरी," ती म्हणाली.

व्हर्जिलने मला उलटसुलट करून पाहिले. "यात दूध नाही ना, बाई?"

"दूध नाही, पण जीभ आहे तिला. जपून."

त्याने मला हनुवटीखाली न धरता छातीशी धरले. दोन-दोन तारांवर एकदम गज फिरवला. माझ्या पोटात असा ठेका कधी घुमला नव्हता, जणू खडकाळ उतारावरून कुणी झोके घेत चालले आहे. आणि त्या झोक्याखालून मला एक ओळखीची चाल ऐकू आली. ओनीचा पाइप तोंडातून पडला. नाब्लाचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही कुठं शिकलास?"

"माझ्या आजोबांकडून. त्यांना त्यांच्या आजोबांनी दिली. ते इथल्याच कुठल्या तरी गावचे म्हणे. आणि हा झोका आमच्या शेजाऱ्यानं शिकवला. बॅन्जोवाला काळा माणूस, मोठा कलाकार. आम्ही हिला 'लंगडं खेचर' म्हणतो."

"आमच्या शेळीचं खेचर केलंत?" नाब्ला कडाडली.

"एवढा समुद्र पोहल्यावर, बाई, शेळीचं खेचर व्हायचंच."

ओनी पोट धरून हसला. नाब्ला हसली नाही. "तिसरा भाग कुठं आहे?" तिने विचारले.

"तिसरा? दोनच आहेत की हिला."

नाब्लाच्या मनात काय उलथापालथ झाली, ते तिच्या हातांतून मला कळले, कारण तिने मला त्याच्याकडून काढून घेतले होते. वडिलांनी दार लावण्याच्या कितीतरी आधी ही धून दारातून बाहेर पडली होती. कुणीतरी ती दिली, कुणीतरी घेतली, म्हणून परमुलखात ती जिवंत राहिली. आणि घरात जपलेला भाग मरणाच्या दारात होता.

"बाबा, माफ करा," ती पुटपुटली आणि तिने तिसरा भाग वाजवला, दार सताड उघडे ठेवून. दोनदा बोट चुकले. दोनदा तिने पुन्हा सुरुवात केली. मी माझ्या पत्र्याचा कण न् कण पणाला लावला.

"तू काय बघतोस म्हाताऱ्या?" ती ओनीवर खेकसली. "खिडकीखाली उभा राहून पाय दुखले नाहीत का? बैस आणि शिक."

ओनीने डोळे पुसले आणि तो मान खाली घालून बसला. अंधार पडायच्या आत दोघांनाही तो भाग आला. निघण्यापूर्वी नाब्लाने व्हर्जिलकडून तो झोकाही शिकून घेतला. त्या उन्हाळ्यात चव्हाट्यावर आमच्या शेळीने खेचराची चाल धरली आणि लोकांनी बुटांचे तळ झिजवले. युद्ध संपल्यावर व्हर्जिलने एक तबकडी पाठवली. तीत बॅन्जो होता, गिटार होती आणि तिन्ही भाग होते. सांगताना आजही माझ्या तारा ताठ होतात.

नाब्ला गेल्यावर मी गोठ्यात पडले. माझा एक सांधा उकलला आणि आत गांधीलमाश्यांनी घर केले. मित्रांनो, ती वर्षे मला सांगवत नाहीत. शेवटी संगीतशाळेच्या सोर्खाबाईंनी मला शोधून काढले आणि झाळून घेतले. आता माझ्यावर रोज मुलांची बोटे पडतात.

परवा सीरियाहून आलेली हला मला वाजवत होती. 'लंगडी शेळी'च्या दुसऱ्या भागात तिचे बोट दोन सुरांच्या मधोमध टेकले. आमच्याकडे असा सूर नाही. सगळी पोरे हसली. हलाने गज खाली घेतला. सोर्खाबाईंनी चूक दाखवायला हात उचलला, पण क्षणभर त्या थबकल्या.

"हे कसं केलंस गं?"

"आमचे आजोबा असंच वाजवतात," ती हळूच म्हणाली.

"मग पुन्हा वाजव. आणि आम्हालाही शिकव."

मित्रांनो, वाद्ये पुसून ठेवा, त्यांचे सांधे वेळेवर जोडून घ्या. आणि तुमची आवडती धून ज्याला हवी त्याला द्या. ती त्याच्या घरी थोडी बदलेल. बदलू द्या. हलाने ती चाल दुसऱ्यांदा वाजवली तेव्हा वर्गात कुणीच हसले नाही. सगळी आपापल्या तारांवर तो मधला सूर शोधत होती.