सहीवर पडलेलं भोक

"सही खरी आहे," जुन्या फायलीशेजारी नोट धरून नगरपालिकेतला कारकून म्हणाला. "तुमची नोट अस्सल आहे, काका."

आमच्या ह्यांचा चेहरा असा फुलला, की आमच्या लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता. पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात ह्यांचा जन्म गेला आणि पगार गेला या कागदांपायी. युद्धात नाणी मिळेनाशी झाली, तेव्हा लहानसहान गावांनी स्वतःच नोटा छापून वेळ मारून नेली होती. त्या नोटा हे जमवतात. मी त्यांना रद्दी म्हणते. पण या गावाची ही एकच नोट उरली होती, नगराध्यक्षाने स्वतःच्या हाताने सही केलेली. सही खरी ठरली तर ती संग्रहालयात लागणार होती, आणि खाली ह्यांचं नाव. आजवर ह्यांचं नाव कुठे म्हणून लागलं नव्हतं.

"तेवढं लिहून द्याल का?" ह्यांनी विचारलं.

"देतो की. आधी हे उरकू." कारकुनाने नोट उलटी करून वाचलं, "युद्ध संपल्यावर ही नोट कार्यालयात आणून देणाऱ्यास एक नाणं मिळेल." त्याने ड्रॉवरमधून नाणं काढून टेबलावर ठेवलं आणि नोटेला खट्कन पंच मारला. नेमका सहीवर.

मी झटकन पुढे झाले. "अहो, हे काय केलंत?"

"पैसे दिले की नोट रद्द करावी लागते, काकू. नाहीतर परत कुणीतरी घेऊन यायचं," तो भाबडेपणाने म्हणाला. मग त्याने ह्यांच्याकडे बघितलं. "काही चुकलं का?"

हे पांढरेफटक पडले होते. सही गेलेली नोट कुठलं संग्रहालय घेणार? मला वाटलं, आता तरी हा माणूस ओरडेल.

"तुमचं बरोबर आहे," हे म्हणाले. "तसंच लिहिलंय त्यावर."

माणसाने इतकंही गरीब असू नये. माझं डोकंच फिरलं.

"तो पंच उघडा," मी म्हणाले.

कारकुनाने मुकाट्याने तो टेबलावर झटकला. किती ते गोल तुकडे, सगळे पांढरे. सहीच्या जांभळ्या शाईचा त्यात एकच असणार होता.

"राहू दे गं," हे म्हणाले. "चल, बस चुकेल."

"चुकू दे."

मी चष्मा पुसला आणि एकेक तुकडा बोटाने बाजूला सारायला लागले.